तोड्याच्या बंदुकीचा चाप : परीक्षा, दुरुस्ति आणि कालनिर्णय

जुन्या घराण्यांचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस हें ठाऊक आहे कीं, कागदांच्या रुमालांबरोबर माळ्यावरून एखादी तोड्याची बंदूकही पुष्कळदां खालीं येते. तिची नळी गंजलेली असते, दस्ता तडकलेला असतो आणि चाप अडकलेला, मोडलेला किंवा अजीबात नाहींसा झालेला असतो. मालक दोन प्रश्न विचारतो. बंदूक कोणत्या काळची, हा एक. आणि नवा चाप बसवून घ्यावा काय, हा दुसरा. हे प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. बंदुकीच्या सर्व अवयवांत चाप व त्याशीं जोडलेलें यंत्र हेंच अधिक हालतें, म्हणून आधीं झिजतें. आणि तें लहान असल्यामुळें सहज बदलतांही येतें. यास्तव केवळ चापावरून बंदुकीचा काळ ठरवूं नये, आणि आहे त्या स्थितीची नोंद केल्याशिवाय चाप बदलूं नये, एवढेंच या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

शब्दांविषयीं :— आपल्याकडे ‘चाप’ हा शब्द सैलपणें वापरला जातो. कधीं बोटानें ओढावयाची कळ एवढाच त्याचा अर्थ असतो, तर कधीं दारू पेटविणारें सबंध यंत्र. म्हणून जुन्या यादींत चाप नादुरुस्त असल्याचा शेरा आढळला तर कोणता भाग अभिप्रेत आहे हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. या लेखांत ओढावयाच्या कळीस आम्ही ‘चाप’ म्हटलें आहे; पेटता तोडा धरणाऱ्या दुभंगलेल्या लोखंडी कांट्यास ‘घोडा’; आणि नळीच्या बुडाशीं असलेल्या ज्या छिद्रांतून आग आंतील दारूस पोंचते त्यास ‘कान’. यांपैकीं कान हा शब्द तोफांसही लागू होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पावसाळ्यांत तोफांचे कान मेणानें भरून ठेवण्याविषयीं जी ताकीद आहे ती याच छिद्रासंबंधीं होय. कानाबाहेरच्या लहान वाटींत जी बारीक दारू ठेवीत ती ‘रंजक’. आणि तोडा म्हणजेच जामगी.

रचना :— हिंदुस्थानांत सर्वत्र प्रचलित असलेल्या तोड्याच्या बंदुकीचें यंत्र अत्यंत साधें आहे. दस्त्याच्या लांकडांत एक उभी खांच कोरलेली असते. तींत घोडा एका आडव्या खिळीवर तरफेप्रमाणें फिरतो. त्याचें वरचें टोक नळीच्या बुडामागें खांचेंतून बाहेर डोकावतें व खालचें टोक दस्त्याच्या आंत चापाशीं सांधलेलें असतें. चाप मागें ओढला कीं घोडा पुढें झुकून तोड्याचें जळतें टोंक रंजकाच्या वाटींत टेकवितो. चाप सोडला कीं घोडा मागें येतो. कित्येक बंदुकींत त्यास परत आणण्याकरितां पट्टीची लहान कमान असते. दस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या मारलेल्या असून खिळ्या त्यांतून आरपार गेलेल्या असतात. यंत्र लांकडाच्या पोटांत झांकलेलें असल्यामुळें बाहेरून त्याचें फारच थोडें दिसतें.

अर्वाचीन बंदुकींशीं तुलना केल्यास या रचनेचें वैशिष्ट्य ध्यानांत येईल. १८९५ सालीं ब्रिटिश सैन्यांत आलेली ली-एनफील्ड किंवा १८९८ ची जर्मन मौझर यांसारख्या बोल्टच्या रायफलींत चाप स्वतः आघात करीत नाहीं. बोल्टमधील ताणलेली कमान एका अडसरानें रोखून धरलेली असते. चाप तो अडसर तेवढा बाजूस सारतो, आणि आघात कमान करिते. असा चाप बिघडला तर त्याच नमुन्याचा कारखान्यांतील सुटा भाग आणून बसवितां येतो, कारण तेथें एकाच मापाचे हजारों भाग यंत्रावर तयार झालेले असतात. तोड्याच्या बंदुकीचा चाप मात्र घोड्यास प्रत्यक्ष हालवितो, आणि तो कोणा कारागिरानें कानशीनें घासून त्या एका बंदुकीपुरताच जुळविलेला असतो. दुसऱ्या बंदुकीचा चाप तींत घालावयाचा म्हणजे कांहींतरी घासावें, नवें छिद्र पाडावें किंवा लांकूड कोरावें लागतें. याच खुणा पुढें संशोधकाच्या उपयोगी पडतात.

तोड्याच्या बंदुकींत आणखी एक प्रकार आहे, तो कोंकण व गोमंतक यांकडील संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतर तेथें युरोपीय व एतद्देशीय बंदूककाम एकत्र आलें. त्यांतून निघालेली कमानीच्या घोड्याची बंदूक समुद्रमार्गानें सिंहलद्वीप व पूर्वेकडील बेटें येथें पसरली आणि १५४३ सालीं पोर्तुगीजांच्या हातून जपानांत तानेगाशिमा बेटावर जी बंदूक पोंचली ती याच कुळांतील होय, असें शस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांचें मत आहे. या प्रकारांत घोडा कमानीच्या जोरावर झटक्यानें वाटींत पडतो. चाप त्यास केवळ मोकळा करितो. म्हणून चाप ओढल्यावर घोडा हळूहळू बोटाच्या आज्ञेनें चालतो कीं एकदम सुटतो, हें पाहिल्यानें यंत्राचें कुळ ओळखतां येतें.

बिघाडाची परीक्षा :— चापास हात लावण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. नळी भरलेली नाहीं याची खात्री करून घ्यावी. ठासणीची बंदूक भरून ठेवलेली आहे कीं रिकामी, हें बाहेरून दिसत नाहीं; आणि काळी दारू कोरडी राहिल्यास पुष्कळ वर्षांनींही पेट घेते. परीक्षा सोपी आहे. नळीचें तोंड कोणाकडेही नाहीं असें पाहून, आपण बाजूस उभे राहून, एक लांकडी काठी हलकेंच आंत सरकवावी व तोंडाशीं तिजवर खूण करावी. मग ती बाहेर काढून नळीस लावून धरावी. काठीचें टोक कानापर्यंत पोंचत असेल तर नळी रिकामी. कानाच्या अलीकडेच चार-सहा बोटें थांबत असेल तर आंत कांहींतरी आहे, आणि तें दारूगोळाच आहे असें धरून चालावें. अशी बंदूक तापवूं नये, ठोकूं नये, तिचा कान खरवडूं नये. ती जाणत्या मनुष्याच्या स्वाधीन करावी. आंत तेल ओतल्यानें दारू निरुपद्रवी होते असें समजणें धोक्याचें आहे.

नळी रिकामी आहे असें ठरल्यावर बिघाड कोठें आहे तें क्रमानें पाहावें. चाप मुळींच हालत नसेल तर बहुधा दोनांपैकीं एक कारण असतें : खिळी गंजून पट्टीस धरलेली असते, किंवा दस्त्याचें लांकूड दमट हवेंत फुगून खांच आवळलेली असते. पावसाळ्यांत अडकलेला चाप उन्हाळ्यांत आपोआप मोकळा झाला तर दोष लांकडाचा, लोखंडाचा नव्हे; अशा वेळीं खांच तासून रुंद करणें म्हणजे निष्कारण वस्तु बिघडविणें होय. चाप हालतो पण घोडा जागचा हालत नाहीं, तेव्हां दोहोंमधील सांधा तुटलेला किंवा त्याचें छिद्र झिजून मोठें झालेलें असतें. घोडा पुढें जातो पण परत येत नाहीं, तेव्हां कमान मोडलेली अथवा मुळांतच नाहींशी झालेली असते. घोडा फिरतो पण वाटीच्या बाजूस पडतो, तेव्हां तो वाकलेला असेल किंवा दुसऱ्या बंदुकीचा आणून बसविलेला असेल. हें शेवटचें कारण विशेष महत्त्वाचें आहे. कारण तेथें बिघाड हाच इतिहासाचा पुरावा ठरतो.

बदललेला चाप कसा ओळखावा :— पोथी तपासतांना मधलेंच एखादें पान निराळ्या कागदाचें व निराळ्या हाताचें दिसलें तर तें मागाहून घातलेलें आहे हें आपण ओळखतों, आणि त्या पानावरून सबंध पोथीचा काळ ठरवीत नाहीं. तीच दृष्टि येथें ठेवावी. चापावरील गंजाचा रंग व खोली बाजूच्या पट्ट्यांवरील गंजाशीं जुळते काय? पट्ट्यांवर सोन्याचांदीचें जडावकाम असून चाप कोरा आहे काय? पट्टींत एखादें रिकामें किंवा बुजविलेलें छिद्र आहे काय? असल्यास पूर्वींची खिळी तेथें होती. खिळ्या ठोकून बसविलेल्या आहेत, कीं त्यांच्या जागीं यंत्रावर आटे पाडलेला स्क्रू आला आहे? खांचेंत जुन्या धुराळलेल्या लांकडाशेजारीं ताजा तासलेला भाग दिसतो काय? यांतील एकाच खुणेवर विसंबूं नये. दोन-तीन खुणा एकत्र आल्या म्हणजे अनुमान पक्कें होतें.

कालनिर्णय :— यंत्राचा प्रकार पाहून काळ सांगण्याचा मोह मोठा असतो. परंतु नवी युक्ति निघाली म्हणून जुनी लगेच बंद पडते असें नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलानें आईन-इ-अकबरींत, तोड्याशिवाय केवळ घोड्याच्या अल्प हालचालीनें उडणाऱ्या बंदुका बादशहाच्या कारखान्यांत होऊं लागल्याचें लिहिलें आहे. तरी तोड्याची बंदूक हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकांतही वापरांत होती. युरोपीय सैन्यांनीं तोडा सोडून गारेची बंदूक सतराशेच्या सुमारास सर्वत्र स्वीकारली. येथें दोन्ही प्रकार दीर्घकाळ शेजारीं शेजारीं नांदले. म्हणून तोड्याचें यंत्र दिसलें एवढ्यावरून बंदूक सतराव्या शतकांतील म्हणतां येत नाहीं.

उलट बाजूनें मात्र कांहीं निश्चित सांगतां येतें. आघातानें पेटणाऱ्या रसायनाचा बंदुकींत उपयोग करण्याचें पेटंट स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यांनीं १८०७ सालीं घेतलें, आणि तांब्याच्या टोपीचा प्रसार त्यानंतर झाला. तेव्हां ज्या बंदुकीचा कान रुंद करून त्यांत टोपीची पोकळ खुंटी बसविली आहे, तिचा तो फेरफार १८०७ पूर्वींचा असूं शकत नाहीं. पण हा काळ फेरफाराचा झाला. नळी त्याहून शंभर वर्षें जुनी असूं शकेल. चांगली नळी मौल्यवान असल्यामुळें दस्ता व चाप बदलून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. नळीवरील लेख नळीचा काळ सांगतो, दस्त्यावरील नक्षी दस्त्याचा, आणि चाप चापाचा. तिघांची साक्ष वेगवेगळी लिहून घ्यावी.

नवा चाप बसवावा काय :— आमचें उत्तर सामान्यतः नकारार्थी आहे. संग्रहांतील बंदूक उडवावयाची नसते; मोडका चाप ही तिच्या आयुष्यांतील एक घटना आहे. तथापि सुटलेला घोडा हरवूं नये, किंवा प्रदर्शनांत रचना समजावी, म्हणून कांहीं करणें भाग पडल्यास पुढील नियम पाळावे. प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं व मापें टिपावीं. जुना भाग, तो तुकडा असला तरी, टाकूं नये. क्रमांकाची चिठ्ठी बांधून बंदुकीबरोबरच ठेवावा. नवा भाग पितळेसारख्या वेगळ्या धातूचा करावा व त्याच्या न दिसणाऱ्या बाजूस वर्ष कोरावें, म्हणजे पुढील अभ्यासक फसणार नाहीं. जुन्याच छिद्रांत बसेल असा भाग करावा. भागासाठीं छिद्र पाडूं नये. डाग देणें, भट्टींत तापविणें, तेजाब लावणें व कानशीनें गंज काढणें हीं पूर्णपणें वर्ज्य करावीं, कारण गंजाबरोबर अक्षरें व जडावकामही जातें.

याला कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत जुनाट नमुन्याचीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलीं अथवा नादुरुस्त शस्त्रें वगळलीं आहेत खरीं. पण दुरुस्ति करून वा न करितां बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं अशा शस्त्रांपुरतीच ती सवलत आहे. म्हणजे केवळ चाप मोडला आहे एवढ्यानें बंदूक सवलतींत बसते असें मानूं नये. आणि नवा चाप घालून ती चालती करणारा संग्राहक तर आपली बाजू आणखी दुबळी करितो. शिवाय शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या अधिनियमानुसार पुराणवस्तु ठरते. परवान्यावांचून ती परदेशीं पाठवितां येत नाहीं.

दप्तरांतील फाटक्या कागदावर कोणी नवीं अक्षरें लिहून तो पुरा केला तर आपणांस खेद होतो. बंदुकीच्या बाबतींत तोच प्रकार दुरुस्तीच्या नांवाखालीं सहज घडून जातो, आणि एकदां गेलेली खूण परत मिळत नाहीं. यासाठीं वाचकांनीं आपापल्या संग्रहांतील प्रत्येक बंदुकीच्या नळीची, दस्त्याची व चापाची नोंद स्वतंत्र रकान्यांत करून ठेवावी, आणि चाप मोडका असल्यास तसें स्पष्ट लिहावें, अशी आमची विनंती आहे.