डायपर ओला झाला हे यंत्र सांगेल, बदलणार कोण?

लकवा मारलेल्या माणसाला अनेकदा बोलता येत नाही. मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग गेले असेल, तर आपण ओले झालो हे त्याला कळतही नाही. विस्मरणाच्या आजारात कळते, पण सांगायचे कसे ते सुचत नाही. आणि पुष्कळ म्हाताऱ्या शुद्धीवर असूनही गप्प राहतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपलेली, मुलाला सकाळच्या पाळीला जायचे, सुनेला रात्री तिसऱ्यांदा उठवायचे कसे? म्हणून उजाडेपर्यंत तशाच ओल्यात पडून असतात. वस्त्यांतून फिरताना आम्हाला पाठीच्या ज्या जखमा दिसतात, त्यातल्या कितीतरी अशा गप्प राहण्यातून झालेल्या असतात.

ही न सांगता येणारी गोष्ट यंत्राने सांगावी, यासाठी जगात बरेच संशोधन चालू आहे. अंगावर किंवा डायपरमध्ये लावायचे सेन्सर निघाले आहेत. आज ना उद्या दुकानदार आणि मोबाइलवरच्या जाहिराती ते आपल्या दारात आणतील, म्हणून ते आधीच समजून घेतलेले बरे.

पण पहिल्यांदा त्वचेचे बोलू. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा पीएच साधारण साडेपाच. हा आंबटपणा जंतूंना रोखून धरतो. लघवी अंगावर राहिली की तिच्यातून अमोनिया तयार होतो आणि तो आंबटपणा मोडतो. त्यात शौच मिसळले, तर त्यातली पाचक द्रव्ये कातडीवरच काम करू लागतात. तासभर धुणे धुतल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात ना, तशी ही कातडी भिजून मऊ पडते आणि नुसती चादर ओढली तरी सोलवटते. माकडहाड, खुबा, टाचा या ठिकाणी हाडाचा दाब असतोच. ओल आणि दाब एकत्र आले की काही दिवसांतच खोल जखम होऊ शकते. अशा जखमेचा धोका मोजण्यासाठी १९८७ साली अमेरिकेत दोन नर्सनी, ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांनी, एक मापक मांडले. ते आज जगभर वापरतात आणि त्यात ओलाव्याला वेगळे गुण आहेत.

फास्टॅगसारखी पट्टी, पेन्सिलीची रेघ

ओल ओळखणारे यंत्र ही कल्पना मात्र जुनी आहे. १९०४ साली फॉन फाउंडलर या युरोपातील बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या वॉर्डासाठी असे साधन वापरले. अंथरूण ओले झाले की विजेचा मार्ग पूर्ण व्हायचा, घंटा वाजायची आणि नर्सला कळायचे. ते केले होते नर्ससाठी, पण फायदा झाला मुलांचा. घंटेने जाग येऊन येऊन काही मुलांचे अंथरुणात लघवी करणे कमी झाले. पुढे १९३८ साली अमेरिकेत मॉवरर पती-पत्नींनी त्यावरून उपचाराची पद्धत बसवली. मोठ्या मुलांसाठी असे अलार्म डॉक्टर आजही सुचवतात.

आता नवे काय आहे? २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी डायपरमधली एक पट्टी दाखवली. आपल्या वस्तीतल्या टेम्पोवाल्यांना ती पटकन समजेल, कारण ती फास्टॅगच्याच जातीची आहे. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरचे यंत्र लहरी सोडते आणि त्या लहरींच्याच बळावर तो आपला नंबर सांगतो. डायपरमध्ये पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी एक पांढरी पावडर असते. ओली झाली की तिच्यातून थोडीफार वीज वाहते. संशोधकांनी तिलाच त्या पट्टीच्या अँटेनाचा भाग केले. कोरडे असेपर्यंत पट्टी मुकी, ओले झाले की बोलकी. मीटरभर अंतरावरचे यंत्र तिचे बोलणे ऐकते. एका पट्टीचा खर्च दोन सेंटपेक्षा कमी, म्हणजे आपल्याकडच्या दोन रुपयांच्या आतबाहेर, असा त्यांचा अंदाज होता. अर्थात ऐकणारे यंत्र वेगळे घ्यावे लागते, आणि ही चाचणी बाहुलीला डायपर बांधून, मिठाचे पाणी सोडून केलेली होती.

२०२३ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील आणि चीनमधील संशोधकांनी त्याहून साधी वाट काढली. मिठाच्या पाण्यात बुडवलेला कागद आणि त्यावर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, बस्स. कंपासपेटीतल्या पेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते, मिठाचा कागद ओल धरतो. असे चार तुकडे डायपरच्या थरांत ठेवले तर तो किती भिजला हेसुद्धा समजते.

जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी आणि सांभाळणारे हात कमी. तिथे ‘डीफ्री’ नावाचे उपकरण निघाले. ते ओटीपोटावर लावतात. सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरींनी ते मूत्राशय किती भरले हे बघते आणि लघवी होण्याआधीच सूचना देते. शौच झाल्याचे वासावरून ओळखणारी गादीवरची पट्टीही तिथेच निघाली. साध्या ओलाव्याच्या सेन्सरला लघवी आणि शौच यांतला फरक कळत नाही, आणि कातडीसाठी तो फरक फार मोठा आहे.

यातले आम्हाला सर्वांत कामाचे वाटले ते ‘टेना’ या युरोपीय कंपनीने आणलेले. सेन्सरचा डायपर तीन दिवस वापरायचा, कोणत्या वेळी किती लघवी झाली याची नोंद घ्यायची आणि त्यावरून त्या माणसाला केव्हा संडासला न्यायचे ते ठरवायचे. म्हणजे रोग्याला कायम डायपरमध्ये ठेवण्यासाठी नव्हे, तर जमेल तितके त्यातून बाहेर काढण्यासाठी सेन्सर.

हीच नोंद वहीत होते

तीन दिवस, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, दर दोन तासांनी हात लावून बघा आणि ‘कोरडे’ की ‘ओले’ ते लिहा. चहा-पाणी केव्हा दिले तेही लिहा. शाळेत जाणारी नातवंडे हे काम हौसेने करतात. चौथ्या दिवशी वेळा दिसू लागतात: सकाळच्या चहानंतर तासाभराने, दुपारी झोपून उठल्यावर, असे. त्या वेळेच्या थोडे आधी भांडे द्या. सार्वजनिक संडासापर्यंत नेणे शक्य नसते हे आम्हाला माहीत आहे. मधोमध भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि खाली बादली, याने पुष्कळ घरांचे काम भागते. खुर्ची भिंतीला टेकवा, सरकली तर माणूस पडेल.

ओले होऊ नये म्हणून पाणी कमी देऊ नका. लघवी घट्ट होते, जास्त झोंबते. आणि कालपर्यंत बरे असलेले माणूस अचानक अंथरुणात करू लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, साखर, प्रोस्टेट, फार दिवसांचे मलावरोध, काहीही असू शकते. दवाखान्यात दाखवा.

डायपर महाग आहेत. मोठ्या माणसाचा एक डायपर ४० रुपये धरला आणि दिवसाला चार लागले, तर महिन्याला ४,८०० रुपये होतात. म्हणून आपल्या घरांत एकच डायपर सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवतात. (सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ साली गेला. रुग्णांच्या डायपरवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण गेला नाही.) डायपर रात्रीसाठी ठेवा. दिवसा खाली मेणकापड, वर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, आणि ओल्या झाल्या की लगेच बदला. घेतलेल्या डायपरवर बाहेरून पिवळी रेघ आहे का बघा. बऱ्याच डायपरवर असते आणि ओल लागली की ती निळी किंवा हिरवट होते. हाच गरिबाचा सेन्सर. तो आपण पैसे देऊन घेतलेलाच असतो.

बदलताना साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका. झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलीन पातळ लावा. पावडर नको, ओलीत तिचे गोळे होतात. कूस दर दोन तासांनी बदला. भोकाच्या गोल उशीवर बसवू नका, ती कडेने रक्त अडवते.

रंगाचा घोटाळा

पुस्तकात लिहिलेले असते की जखम होण्याआधी कातडी लाल होते. गोऱ्या कातडीवर होते. आपल्या सावळ्या-काळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे डाग आजूबाजूपेक्षा जास्त काळपट किंवा जांभळट दिसतो, हाताला गरम लागतो, कडक किंवा पिचपिचीत लागतो. बोटाने दाबून सोडल्यावर रंग बदलला नाही, तर तिथे दाब अजिबात येऊ देऊ नका आणि चोळूही नका.

यंत्रांचीही तीच गत आहे. कोरोनाच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. बोटातून प्रकाश पाठवून तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असल्याचे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. यंत्र सगळ्यांना सारखेच लावले होते, फसवणूक मात्र तिपटीने जास्त एकाच बाजूला झाली. म्हणून आकडा बरा दिसत असला तरी धाप लागते, बरगड्या आत ओढल्या जातात, माणूस गुंगीत जातो असे दिसले, तर आकड्यावर थांबू नका. नवे कुठलेही यंत्र आले की आपण विचारले पाहिजे, हे कोणाच्या अंगावर तपासले?

घंटा कोणासाठी वाजते

आता आमचे जुने दुखणे. सरकारी वॉर्डात आम्ही रात्रपाळ्या केल्या. एवढ्या खाटांमागे दोन सिस्टर आणि एक मावशी असली, की कोण ओले आहे हे सगळ्यांना दिसत असते. हात पुरत नाहीत. रुग्णाची आई किंवा बायको खाटेखाली झोपून ते काम करते. अशा वॉर्डात सेन्सर लावले तर फक्त घंटा वाढतील, आणि सतत वाजणाऱ्या घंटेकडे कान बधिर होतात हे दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. आधी रिकाम्या जागा भरा, मग यंत्रे आणा.

महावग्गात एका भिक्खूची हकिगत आहे. पोटाच्या आजाराने तो आपल्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. आपल्याकडे हे काम जातीने ठरलेल्या हातांवर ढकलले गेले. आजही मोठ्या सोसायट्यांत बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर पेशंट सांभाळायला ब्युरोमार्फत जातात त्यांत आपल्या किती भगिनी आहेत, हे आपणच मोजावे. सेन्सर पहिल्यांदा त्या घरांत येईल. दोन वाजून दहा मिनिटांनी ओले, दोन चाळीसला बदलले, अशी नोंद मालकाच्या मोबाइलवर जाईल. तेवढ्या अर्ध्या तासात ती बाई पेशंटला भरवत होती की स्वतः जेवत होती, हे त्या नोंदीत नसेल. ब्युरोत नाव घालणाऱ्या भगिनींनी कामाला लागतानाच विचारून घ्यावे: नोंद कोण बघणार, तिच्यावरून पगार कापणार का, जेवणाच्या वेळी पेशंटकडे कोण बघणार. जमल्यास लिहून घ्यावे.

आणि बदललेला डायपर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जातो. त्यात आता चिप आणि तांब्याचीही भर पडेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर बनवणाऱ्या कंपन्यांना तो गुंडाळायला पिशवी द्यायला सांगितले होते. पाकिटात ती मिळते का बघा, नसेल तर दुकानदाराला विचारा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली, ती आपल्या वस्तीतही करता येईल. शौच आधी संडासात टाका. डायपर आतल्या बाजूला घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा, वर लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा हातात द्या.