स्वसंरक्षणासाठी पिस्तूल: अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरवला. 2022 च्या ब्रूएन खटल्यातील निकालाने तो हक्क उंबरठ्याबाहेर नेला. हक्काचा प्रश्न असा निकाली निघाला, तरी संकटाच्या क्षणी हे शस्त्र नेमके काय करू शकते आणि चाप ओढणाऱ्याला पुढे काय निस्तरावे लागते, याचे उत्तर निकालपत्रात शोधून मिळणारे नाही.

बंदुकीच्या बळावर दरवर्षी किती नागरिक स्वतःचा बचाव करतात, यावरच तेथे एकमत नाही. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या अभ्यासकांनी 1995 साली दूरध्वनीवरील पाहणीच्या आधारे हा आकडा सुमारे पंचवीस लाखांवर नेला, तर गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या सरकारी पाहणीतून तो लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघतो. इतकी तफावत असलेला आकडा वादात कोणीच पुराव्यादाखल पुढे करू नये, हे बरे. मात्र बहुतेक प्रसंगांत गोळी झाडावीच लागत नाही, शस्त्र दिसताच समोरचा माघार घेतो, एवढे दोन्हींवरून म्हणता येते आणि ते पिस्तुलाच्या बाजूने मान्य करायला हवे.

पण हल्लेखोर दाराशी आला नाही तरी पिस्तूल घरात अष्टौप्रहर असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. कॅलिफोर्नियातील सुमारे 2 कोटी 60 लाख प्रौढांच्या नोंदी तपासून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल नसलेल्यांच्या तुलनेत पिस्तूलधारक पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण जवळजवळ आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट आढळले. यामागचे कारण समजण्यासारखे आहे: निराशेचा झटका ओसरतो, इतर अनेक मार्गांत वाचण्यास वाव उरतो, बंदुकीत तो जवळजवळ उरत नाही.

प्रत्यक्ष हल्ल्याच्या क्षणाविषयीच्या लोकांच्या कल्पना चित्रपटांनी घडवल्या आहेत. पडद्यावर गोळी लागलेला मनुष्य मागे फेकला जातो. वास्तवात पिस्तुलाची गोळी शरीरात एक अरुंद छिद्र पाडते. मायामीतील 1986 च्या चकमकीत प्राणघातक जखम होऊनही एक दरोडेखोर लढत राहिला आणि एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर 1989 साली या संस्थेने काढलेल्या टिपणात असे नमूद आहे की, मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाली तरच मनुष्य तत्काळ निकामी होतो, अन्यथा हृदय निकामी झाले तरी मेंदूतील प्राणवायूवर तो दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 साली दाखवून दिले होते की, चाकूधारी मनुष्य एकवीस फुटांचे अंतर दीड सेकंदात कापतो. नेम लागेलच, याचीही शाश्वती नाही. भीतीने रक्तात अॅड्रेनलिन हे संप्रेरक उसळते, बोटांची सूक्ष्म हालचाल बिघडते आणि दृष्टी आक्रसते. रँड या संस्थेने 2008 साली मांडल्याप्रमाणे, न्यूयॉर्कच्या प्रशिक्षित पोलिसांच्याही समोरून गोळीबार होत असताना झाडलेल्या शंभरांपैकी सरासरी अठराच गोळ्या लागत. उरलेल्या कोठेतरी जातातच, आणि अमेरिकी घरांच्या जिप्समच्या पातळ भिंती त्यांना अडवत नाहीत.

यानंतर कायदा येतो, आणि तो सवडीने येतो. डिसेंबर 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार तरुणांनी बर्नहार्ड गोट्झ याच्याकडे पाच डॉलर मागितले. पूर्वी एकदा लुटला गेलेल्या गोट्झने विनापरवाना रिव्हॉल्व्हरमधून चौघांवरही गोळ्या झाडल्या. आरोपीला स्वतःला भीती वाटली एवढे पुरेसे नाही, त्याच्या परिस्थितीतील समंजस मनुष्यालाही ती वाटली असती का, हे पाहावे लागेल, असे राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1986 साली सांगितले. (भारतीय न्याय संहितेतील खासगी बचावाची कलमेही ‘वाजवी धास्ती’ची कसोटी लावतात, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्यास मुभा देत नाहीत.) ज्यूरीने 1987 साली त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले, बेकायदा शस्त्रासाठी मात्र दोषी धरले; प्रकरण तेथे संपले नाही, कारण कायमच्या अपंग झालेल्या तरुणाच्या दिवाणी दाव्यात 1996 साली 4 कोटी 30 लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि गोट्झने दिवाळखोरी जाहीर केली. फौजदारी खटल्यात निःसंशय पुरावा लागतो, दिवाणी दाव्यात ज्याचे पारडे थोडेही जड त्याच्या बाजूने निकाल जातो, हे पिस्तूल घेताना क्वचितच कोणाच्या मनात येते. लुइझियानात 1992 साली हॅलोविनच्या मेजवानीसाठी चुकीच्या दारावर गेलेल्या सोळा वर्षांच्या जपानी विद्यार्थ्याला घरमालकाने दरोडेखोर समजून मारले, तेव्हाही तो फौजदारीतून सुटला आणि दिवाणीत हरला.

जाणूनबुजून केलेल्या इजेचा खर्च सामान्य गृहविम्यातून सहसा मिळत नाही, म्हणून वकिलाची फी आणि भरपाई भरून देणाऱ्या खास विम्याची बाजारपेठ अमेरिकेत उभी राहिली. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नावाने विकला जाणारा ‘कॅरी गार्ड’ हा असाच विमा न्यूयॉर्क राज्याने 2018 साली बेकायदा ठरवला आणि तो विकणाऱ्या दलाल कंपनीला 70 लाख डॉलरचा दंड केला.