काडतूस गेलें, बंदूक राहिली



रोह्याच्या पुढें, कुंडलिकेच्या खोऱ्यांत, माझा एक जुना विद्यार्थी शेती करून राहतो. दोन पावसाळ्यांपूर्वीं तो पेणला माझ्या घरीं आला आणि पडवींत टेकतां टेकतां म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरीं पणजोबांच्या वेळची रायफल आहे. बाबांच्या नांवचा परवाना होता. ते श्रावणांत गेले. बंदूक धडधाकट आहे, पण तिला काडतूस कुठेंच मिळत नाहीं. एक मिस्त्री म्हणतो, नळींत दुसरी नळी बसवून आजच्या काडतुसाजोगी करून देतों. डुकरांनीं भात नासलें आहे. करून घेऊं का?"

मीं प्रथम एवढेंच विचारलें, "तूं ती बरोबर घेऊन आला नाहींस ना?" त्यानें मान हालविली, तेव्हां माझा जीव खालीं पडला. मी बंदुकीचा जाणकार नव्हें. माझें आयुष्य खडू आणि फळा यांत गेलें. परंतु त्याचा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. उत्तर देण्यापूर्वीं मला बरेंच वाचावें लागलें, आणि तें वाचलेलें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पेण आणि रोहे हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले. एका बाजूस भोर संस्थानची पाली, दुसऱ्या बाजूस जंजिऱ्याच्या नबाबाचा मुलूख. ज्या फणसाडच्या रानांत १९८६ पासून अभयारण्य आहे, तें एके काळीं नबाबाचें शिकारीचें रान होतें. अशा प्रदेशांत जुन्या घरांतून एखादी बंदूक निघाली तर नवल नाहीं. बहुधा ती ठासणीची असते. म्हणजे तोंडांतून दारू आणि छर्रे घालून गजानें ठासावयाची. माझ्या विद्यार्थ्याची मात्र तशी नव्हती. तिच्यासोबत पत्र्याच्या डब्यांत सात काडतुसें आणि एक उडविलेली पुंगळी होती. त्या पुंगळीचें त्यानें केलेलें वर्णन ऐकतांच कोडें उलगडलें. ठोक्याची खूण तिच्या बुडाच्या मधोमध नव्हती. अगदीं कडेला होती.

काडतूस म्हणजे धातूची एक लहानशी कुपी. तिच्या तोंडाशीं गोळी, पोटांत दारू, आणि बुडाशीं ठोका बसतांच पेट घेणारें थोडें स्फोटक द्रव्य. दिवाळींत मुलें टिकल्या उडवितात, तोच हा प्रकार समजा. आजच्या बहुतेक मोठ्या काडतुसांत ही टिकली बुडाच्या मध्यभागीं निराळी बसविलेली असते. जुन्या पद्धतींत निराळी टिकली नसे. कुपीची खालची कड पोकळ ठेवून तींतच तें द्रव्य पसरीत, आणि बंदुकीची सुई ती कड चिरडून ठिणगी पाडी. इंग्रजींत यांस रिमफायर म्हणतात; आपण 'कडेनें पेटणारें काडतूस' म्हणूं. पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिरानें १८४५ च्या सुमारास हा मार्ग दाखविला, आणि पुढें अमेरिकेंत १८५७ मध्यें स्मिथ आणि वेसन यांनीं तो बाजारांत रुळविला. १८६० ची हेन्री रायफल आणि स्वित्झर्लंडच्या सैन्याची १८६९ ची व्हेटर्ली या याच जातीच्या होत.

मग हीं काडतुसें गेलीं कां? कारण त्यांच्या गुणांतच त्यांचा दोष होता. कड चिरडली जावी म्हणून ती पातळ हवी. आणि पातळ कड जोरदार दारूचा दाब सोसूं शकत नाहीं. शिवाय मध्यभागीं टिकली असलेली पुंगळी पुन्हां भरतां येते, कडेची एकदां वापरली कीं संपली. त्यामुळें मोठ्या गोळीचीं कडेचीं काडतुसें हळूहळू बंद पडलीं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. राहिलें तें एक लहानगें, १८८७ मध्यें निघालेलें पॉइंट बावीसचें. निशाणबाजी शिकणारीं मुलें आजही तेंच वापरतात. त्याच्या पोटांत दारू चिमूटभरच असते, म्हणून पातळ कड त्याला चालते.

बंदूक मात्र लोखंडाची. ती काडतुसाबरोबर मरत नाहीं. आणि म्हणूनच 'हिला दुसरें काडतूस चालवूं' हा विचार माणसाच्या मनांत येतो. तो वेडेपणाचा नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. मोठमोठ्या राज्यांनीं तो केलेला आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड आपणां सर्वांस ठाऊक आहे; १८५७ मध्यें जिच्या चरबीच्या काडतुसांवरून आग भडकली तीच ही. ती तोंडाकडून भरावयाची होती. पुढें मागून भरण्याच्या बंदुकांचे दिवस आले, तेव्हां इंग्रज सरकारनें हजारों एन्फील्ड भंगारांत न टाकतां त्यांच्या नळीचा मागचा भाग कापून तेथें बिजागरीचें झांकण बसविलें. ही युक्ति जेकब स्नायडर या अमेरिकनाची. १८६६ मध्यें ती मान्य झाली आणि त्याच वर्षीं बिचारा स्नायडर हालांत वारला. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच स्थित्यंतराच्या काळांतला. इटलीनें तर १९१६ च्या सुमारास, महायुद्धाच्या ओढींत, माझ्या विद्यार्थ्याच्या मिस्त्रीनें सांगितलें नेमकें तेंच केलें. त्यांच्याजवळ १०.४ मिलिमीटरच्या जुन्या व्हेटर्ली रायफली पडून होत्या, आणि काडतुसें तयार होत होतीं साडेसहा मिलिमीटरचीं. जुन्या नळींत नवी बारीक नळी बसवून त्यांनीं काम भागविलें. पण या बंदुका दिल्या कोणाला? आघाडीवरच्या पलटणींना नव्हे. बहुधा मागच्या फळीला. नव्या काडतुसाचा जोर जुन्या घडणीला फार होतो, हें करणाऱ्यांसही ठाऊक होतें.

आपल्या देशांत गंमत अशी कीं, येथें बंदुका उलट दिशेनेंही बदलल्या गेल्या. काडतूस सहज मिळावें म्हणून नव्हे, मिळूं नये म्हणून! १८५७ नंतर देशी शिपायांना पीळदार चरांच्या नळीऐवजीं गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यांत आल्या. त्यांचा नेम दूरवर लागत नसे. विसाव्या शतकांत इशापूरच्या कारखान्यानें लष्करी पॉइंट तीनशें तीनच्या रायफली गुळगुळीत करून पोलिसांसाठीं पॉइंट चारशें दहाच्या एकबारी बंदुका बनविल्या. हेतु हा कीं, ती चोरीस गेली तरी सैन्याचें काडतूस तींत चालूं नये. त्याच शतकाच्या आरंभीं सरकारनें पॉइंट चारशें पन्नास मापाच्या काडतुसांची आयात बंद केली, कारण तें माप जुन्या मार्टिनी रायफलींचें होतें. तेव्हां विलायतेच्या बंदूकवाल्यांनीं हिंदुस्थानांत शिकार करणाऱ्या साहेबांसाठीं पॉइंट चारशें पांसष्ट, पॉइंट चारशें सत्तर अशीं नवीं मापें काढलीं. काडतूस हें कुलपाच्या किल्लीसारखें आहे. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या हातीं घर, हें राज्यकर्त्यांनीं पुरतें ओळखलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. बंदूक नव्या काडतुसास लायक करावयाची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, ठोका कोठें बसावा: कडेला कीं मधोमध. दुसरी, माप: काडतूस घरांत आणि गोळी नळींत नेमकी बसली पाहिजे. या दोन गोष्टी डोळ्यांस दिसतात, आणि कुशल कारागीर त्या जुळवून देईल हें मी नाकारीत नाहीं. तिसरी गोष्ट दाब; ती डोळ्यांस दिसत नाहीं. जुनीं काडतुसें काळ्या दारूचीं: सोरा, गंधक आणि कोळसा यांचें मिश्रण. तिचा धूर फार, जोर बेताचा. १८८० नंतर बिनधुराची दारू आली. तिचा दाब कितीतरी अधिक असतो, आणि आजचें काडतूस तिचेंच असतें. जुन्या बंदुकीचें लोखंड काळ्या दारूच्या हिशेबानें घडलेलें. त्यांत शंभर-दीडशें वर्षांत कोठें बारीक चीर गेली आहे, आंतून गंज किती खोल उतरला आहे, हें वरून तेल पुसून कळत नाहीं.

दारू बदलली कीं काय होतें याचा एक सरकारी दाखला घ्या. १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठीं केली होती. थोड्याच वर्षांत तिच्या काडतुसांत बिनधुराची कॉर्डाइट भरूं लागले, आणि नळीचे उथळ चर भराभर झिजूं लागले. शेवटीं १८९५ मध्यें खोल चरांची नवी नळी करावी लागली. तीच पुढची ली-एन्फील्ड. तेथें केवळ चर झिजले. माझ्या आजोळीं घडलें तें निराळें होतें. मी तेव्हां आठ-नऊ वर्षांचा असेन. शेजारच्या वाडींतील एका राखणदाराची काळी दारू संपली, म्हणून त्यानें कोणाकडून तरी मिळालेलीं आधुनिक काडतुसें फोडलीं आणि त्यांतील दारू आपल्या ठासणीच्या बंदुकींत नेहमींच्याच मापानें भरली. बार झाला तो नळीच्या तोंडांतून नव्हे, बाजूनें. त्याचा डावा अंगठा व दोन बोटें गेलीं. उरलेल्या बोटांनीं तो विडी कशी पेटवी, तें मला अजून आठवतें. त्याची बंदूकही 'धडधाकट'च होती.

इशापूरच्या कारखान्याचा आणखी एक दाखला माझ्या विद्यार्थ्यास सर्वांत अधिक पटला. १९६२ च्या चीन-युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठीं जुन्या ली-एन्फील्डच्या घाटाची रायफल काढावयाची ठरली. तेव्हां कारखान्यानें जुन्या रायफलींच्या केवळ नळ्या बदलल्या नाहींत. अधिक बळकट पोलादाच्या नव्याच रायफली घडविल्या. ज्यांच्याजवळ भट्टी आहे, कसोटीची यंत्रें आहेत, तज्ज्ञ आहेत, त्यांनीं जी जोखीम घेतली नाहीं, ती बाजारपेठेंतील लेथवर बसलेल्या मिस्त्रीनें काय म्हणून घ्यावी?

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. १८७८ च्या कायद्यानें शस्त्रांस परवाना लागूं लागला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें बंदूक बनविणें, दुरुस्त करणें किंवा तिचें रूपांतर करणें या व्यवसायाला निराळा परवाना लागतो. धनी वारला म्हणजे त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाहीं. शस्त्र ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानें स्वतःच्या नांवानें अर्ज करावयाचा असतो. फार जुन्या नमुन्याच्या किंवा मोडलेल्या शस्त्रांस कायद्यांत सूट आहे खरी. पण तें दुरुस्त करूनही चालण्याजोगें नसेल तरच. म्हणजे घरची जुनी वस्तु म्हणून ठेवावयाची ती जर कोणी चालती केली, तर ती सूट त्याच क्षणीं जाते. आणि डुकराचें म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें परवान्याची बंदूक असली तरी वन खात्याच्या परवानगीवांचून त्यावर बार टाकतां येत नाहीं. शेतकऱ्याचें पीक डोळ्यांदेखत जातें आणि त्याला अर्ज लिहीत बसावें लागतें, हें मला जाचक वाटतें. पण जाचक कायद्यावर फुटकी नळी हा तोडगा नव्हे.

हें सारें मीं त्याला दोन बैठकींत सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पणजोबांची आठवण आहे हो, गुरुजी." मी म्हणालों, "आठवण ठेवायला तिनें उडायलाच पाहिजे, असें कुठें आहे?" वडिलांच्या नांवचा परवाना बरोबर घेऊन त्यानें ठाण्यांत आधीं वर्दी दिली, आणि मग त्यांनीं सांगितलें त्याप्रमाणें बंदूक व डब्यांतलीं सातही काडतुसें जमा करून पावती घेतली. काडतुसांवर हिरवी बुरशी चढली होती. तीं हाताळतांना हवालदारानें त्याला चार पावलें मागें उभें केलें, असें त्यानें मला सांगितलें. बंदूक कायमची निकामी करून घरांत ठेवूं द्यावी, असा अर्ज त्यानें अलिबागला केला आहे. निकाल अजून यावयाचा आहे.

गेल्या आषाढांत मी त्याच्याकडे गेलों होतों. माजघराच्या भिंतीवर बंदुकीच्या दोन खुंट्या तशाच आहेत. त्यांवर सध्यां त्यानें इरलें टांगलें आहे. डुकरें येतातच. रात्रीं तो आणि त्याचा भाऊ आळीपाळीनें शेतांतल्या माळ्यावर बसतात, एकाजवळ विजेची बत्ती आणि दुसऱ्याजवळ तेलाचा रिकामा डबा.