“आ करा बघू, आजोबा!”

“जीभ थोडी बाहेर. हं, आता आत घ्या.”

आजोबा सत्तरीकडे झुकलेले. स्किझोफ्रेनियाची औषधं तरुणपणापासून चालू आहेत. सिस्टर त्यांना चपला काढून खुर्चीत बसवतात, अंगठा एकेका बोटाला टेकवायला लावतात आणि स्वतः मात्र चेहऱ्याकडे पाहत राहतात. लक्ष बोटांत गुंतलं, की ओठांचं आपसूक चघळणं आणि जबड्याची हालचाल लपत नाही. वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधांचा हा परिणाम. वयाबरोबर त्याचा धोका वाढतो. 1976मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या ‘एम्स’ (AIMS) तपासणीला यंत्र लागत नाही, पारखी नजर लागते.

मग बीपी. आधी झोपवून, नंतर उभं करून. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला, तर रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडण्याची भीती. पुढचा प्रश्न रोजचाच: “पोट साफ झालं का?” स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन घेणाऱ्यांना बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं. हातांची थरथर कमी व्हावी म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळीही पोट धरते, शिवाय म्हातारपणी विसराळूपणा वाढवते.

“तो परत शिव्या देतोय,” आजोबा पुटपुटतात.

सिस्टर वाद घालत नाहीत आणि होकारही देत नाहीत. “मला नाही ऐकू येत, पण तुम्हाला त्रास होतोय ना? कधीपासून? रेडिओ लावू का?”

औषधं ठीक, पण या वयात आता नवं काय शिकणार, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत मानसशास्त्रज्ञ एरिक ग्रॅनहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या 76 मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांबरोबर हेच तपासलं. त्यांतल्या काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला 24 आठवडे गटात बसवलं. मनात आलेला विचार पकडायचा, पारखायचा, बदलायचा; बोलायला सुरुवात कशी करायची, अडचण कशी सोडवायची, याचा सराव करायचा. 2005मध्ये निष्कर्ष आले. लक्षणांत फारसा फरक नव्हता, पण ही माणसं चारचौघांत अधिक मिसळू लागली होती, स्वतःच्या समजुती तपासून पाहू लागली होती. उतारवयातही शिकता येतं, हे त्यांनीच दाखवून दिलं.

घरी असे आजी-आजोबा असतील, तर पुढच्या तपासणीला सर्दी-खोकल्याच्या औषधांसकट सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपून आणि उभं राहून बीपी मोजायला सांगा. पोटाची तक्रार लाजून दडवू नका. मात्र कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका.