आमवातात हाड कोण खाते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

परळ-लालबाग-शिवडीच्या चाळींत सांधेदुखीला सरसकट ‘वात’ म्हटले जाते आणि वय झाले की हाडे झिजायचीच, असे म्हणून विषय मिटवला जातो. उतारवयातल्या संधिवातात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजते हे खरे. परंतु आमवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, हा झिजेचा नव्हे तर दाहाचा आजार असून तो तिशी-चाळिशीतही, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, होतो. तो शहरी राहणीचा रोग आहे, हेही खरे नाही. भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली सुरू केलेल्या पाहणीत साधारण दर 200 प्रौढांमागे एकाला तो आढळला.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याचे पातळ अस्तर सुजून जाड होते, त्यातून टीएनएफसारखे दाहकारक रेणू पाझरतात आणि त्यांच्या चिथावणीने ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे जुने हाड विरघळवून नव्याला जागा करून देणाऱ्या, एरवी उपकारकच असलेल्या पेशी, अवाजवी संख्येने तयार होतात. कूर्चेचे आवरण जेथे नसते त्या कडेला हाड प्रथम पोखरले जाते. म्हणून बोटांच्या मुळाशी एक्स-रेवर उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसते. ती बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उमटू लागते आणि एकदा पडली की क्वचितच भरून येते.

साहजिकच, कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे पोखरणे थांबत नाही, जरी स्टेरॉइड घेणाऱ्यांना त्यांची गरज असली तरी. ठणका गेला म्हणजे हाड वाचले, हा समज त्याहून महागात पडतो, कारण वेदनाशामक गोळी दुखणे दाबते, दाह मुळातून नाही. दाहाला आवर घालून हाड वाचवणारे पहिले औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असते. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

त्याने भागले नाही तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शने दिली जातात आणि तेथे शिवडीकराच्या मनात वेगळी भीती जागी होते, कारण क्षयरोग रुग्णालयाच्या शेजारी राहणाऱ्याला टीबी सांगावा लागत नाही. ‘त्या सुईने टीबी होतो’ हा समज अर्धाच खरा आहे. सुईत जंतू नसतात. परंतु सांधा पोखरवणारा हाच टीएनएफ फुप्फुसात सुप्त क्षयजंतूंना पेशींच्या गाठीत कोंडून ठेवतो आणि त्याला रोखले की ते कोंडाळे फुटू शकते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची चाचणी करतात. एकच सांधा दीर्घकाळ सुजला असेल तर तो खुद्द हाडाचा क्षयही असू शकतो. आमवात सहसा दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम धरतो, आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. हा फरक ठरण्याआधी सांध्यात स्टेरॉइड टोचून घेणे धोक्याचे आहे.

चाचणीत सुप्त क्षय आढळला म्हणून उपचाराचे दार बंद होत नाही. सक्रिय रोग नसल्याची खात्री करून साधारण महिनाभर प्रतिबंधक औषधे घेतल्यावर इंजेक्शन सुरू करता येते.