झेंड्यावरची आगगाडी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांचे खलाशी आपल्या पाणबुडीचा एक झेंडा करीत आणि जहाज बुडवले की त्यावर एक लहानसे जपानी निशाण चढवीत. ‘बार्ब’ या पाणबुडीच्या झेंड्यावर या निशाणांच्या सोबतीला एक आगगाडीही आहे. पाण्याखालून वावरणाऱ्या नौकेच्या खात्यावर रूळांवरची गाडी जमा झाली, ती तिचा कप्तान यूजीन फ्लकी याच्यामुळे. अमेरिकेचे सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ आणि त्याशिवाय चार ‘नेव्ही क्रॉस’ त्याला मिळाले. सहकारी त्याला ‘लकी फ्लकी’ म्हणत. मला मात्र त्याच्या कारकिर्दीत नशिबाचा वाटा फार मोठा दिसत नाही. हा माणूस आधी हिशेब मांडायचा आणि मग जिवावर उदार व्हायचा.

आधी बार्बविषयी. गाटो वर्गातली ही पाणबुडी जुलै १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ९५ मीटर, आत ऐंशीच्या आसपास माणसे, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या, पोटात चोवीस टॉर्पेडो. त्या काळातल्या पाणबुड्या बराचसा प्रवास पाण्यावरूनच करीत. वर असताना चार डिझेल इंजिने तिला वीस नॉटपर्यंत पळवत. बुडी मारली की इंजिनांना हवा मिळायची नाही, मग सगळी भिस्त बॅटऱ्यांवर. पाण्याखाली वेग फार तर नऊ नॉट, आणि त्या वेगाने बॅटऱ्या झपाट्याने उतरत. म्हणून शत्रूच्या टापूत दिवसा बुडून राहायचे आणि रात्री वर येऊन बॅटऱ्या भरून घ्यायच्या. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय करून ठेवलेली आपली ‘कुरसुरा’ ज्यांनी आतून पाहिली असेल, त्यांना हे चटकन कळेल. ती नंतरची आणि सोव्हिएत बनावटीची, पण डिझेल-बॅटरीचे गणित तेच, आणि अंग चोरून चालायला लावणारी वाटही तशीच.

बार्बच्या पहिल्या पाच गस्ती युरोपच्या बाजूला झाल्या. एकही जहाज बुडवल्याची नोंद नाही. मग ती पॅसिफिकमध्ये आली, आणि एप्रिल १९४४ मध्ये तिची सूत्रे फ्लकीकडे गेली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ‘बोनिता’ पाणबुडीवर पाच गस्ती आणि नौदल अभियांत्रिकीचे शिक्षण एवढी शिदोरी त्याच्यापाशी होती. बार्बच्या सातव्या गस्तीवर तो भावी कप्तान म्हणून आधीच जाऊन आला होता. नौका आणि माणसे, दोन्ही त्याने जवळून पाहून घेतली होती.

सप्टेंबर १९४४ मधली नववी गस्त मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘सीलायन’ या अमेरिकी पाणबुडीने ‘राकुयो मारू’ हे जपानी जहाज बुडवले. त्यावर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी कोंबलेले आहेत, याची तिला कल्पना नव्हती. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबून जगलेली ही माणसे आपल्याच बाजूच्या टॉर्पेडोने समुद्रात फेकली गेली. काही दिवसांनी ते उघडकीला आले, तेव्हा बार्ब आणि ‘क्वीनफिश’ यांना मदतीला धाडले. वाटेत बार्बला शत्रूचा तांडा भेटला. फ्लकीने तेलवाहू ‘अझुसा मारू’ आणि विमानवाहू ‘उन्यो’ या दोघांना एकाच हल्ल्यात टिपले, आणि पुन्हा शोधाचा रस्ता धरला. वादळ चालून येत होते. पाच दिवस तराफ्यांवर आणि लाकडाच्या तुकड्यांवर तरंगणारी, तेलाने माखलेली चौदा माणसे बार्बच्या खलाशांनी वर ओढून घेतली. ‘उन्यो’ बुडवणे नौदलाच्या दृष्टीने मोठा पराक्रम होता. मला त्या चौदा जणांचे मोल अधिक वाटते.

‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले ते जानेवारी १९४५ मधल्या हल्ल्यासाठी. अमेरिकी पाणबुड्यांच्या धास्तीने जपानी जहाजे दिवसा चीनच्या किनाऱ्याला चिकटून चालत आणि रात्री बंदरात थांबत, असा तर्क फ्लकीने बांधला होता. नामक्वान बंदरात तीसहून अधिक जहाजे नांगर टाकून उभी दिसली तेव्हा तो खरा ठरला. पण तिथे पाणी होते पाच वाव, म्हणजे जेमतेम नऊ मीटर. बार्बला तरंगायलाच पाचेक मीटर पाणी लागे, तेव्हा बुडी मारायचा प्रश्नच नव्हता. परतीची वाट खडकांची, सुरुंगांची, नकाशावर नीट न उतरलेली. खोल पाणी गाठायला पूर्ण वेगाने तासभर धावावे लागणार होते. एवढे सगळे समोर मांडून तो रात्री आत शिरला. पुढच्या नळ्यांतून चार टॉर्पेडो सोडले, नौका वळवली, मागच्या नळ्यांतून आणखी चार सोडले आणि पळ काढला. आत दारूगोळ्याचे जहाज पेटून स्फोट होत असताना बार्ब मच्छीमारी होड्यांच्या गर्दीतून वाट काढत समुद्राकडे धावत होती. परतीची वाट आधी पक्की करायची आणि मगच शत्रूच्या गोटात शिरायचे, ही रीत गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ओळखीची वाटेल.

बाराव्या गस्तीला तर तो भांडून गेला. कप्तानाला चारच गस्ती, असा तेव्हाचा शिरस्ता होता. पाचवीची परवानगी त्याने वरिष्ठांकडून आधीच मिळवून ठेवली होती. या खेपेला त्याने डेकवर रॉकेटे बसवून घेतली आणि जूनमध्ये होक्काइदोवरच्या शारी गावावर डागली. पाणबुडीवरून किनाऱ्यावर रॉकेटे सोडण्याचा अमेरिकी नौदलातला हा पहिलाच प्रसंग.

मग काराफुटो, म्हणजे साखालिन बेटाचा तेव्हाचा जपानी भाग. पेरिस्कोपमधून किनाऱ्यालगतची रेल्वे दिसे, मालगाड्या ये-जा करीत. समुद्रात बुडवायला जहाजे विरळ झाली होती. मग गाडीच का नको? पाणबुडी स्वतःच बुडवायची वेळ आली तर वापरायची पंचवीस किलोंची स्फोटके आत होतीच. अडचण होती ती पेटवण्याची. किनाऱ्यावर कुणी थांबून राहिले तर तो परत कसा येणार? तोडगा काढला बिली हॅटफील्ड या खलाशाने. लहानपणी पोरे रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये अक्रोड ठेवत. गाडी वरून गेली की भाराने रूळ किंचित खाली दबतो आणि अक्रोड फुटतो. तर मग रूळाखाली अक्रोडाच्या जागी विजेची कळ बसवायची. गाडीने स्वतःच ती दाबायची.

आठ जण निवडले गेले. मागे बायको-मुले असलेल्यांना शक्यतो घ्यायचे नाही, नौकेच्या प्रत्येक विभागातला माणूस हवा, निम्मे तरी बालवीर पथकात वाढलेले हवेत, अशा अटी फ्लकीने घातल्या. स्वतः जायचा त्याचा बेत इतर अधिकाऱ्यांनी हाणून पाडला. फावडी-कुदळी नव्हत्या, इंजिनखोलीतल्या पोलादी पत्र्यांपासून त्या बनवल्या. ढगाळ रात्रीची वाट पाहिली. २३ जुलै १९४५ च्या मध्यरात्री बार्ब किनाऱ्यापासून किलोमीटरच्या आत येऊन थांबली आणि लेफ्टनंट वॉकरच्या हाताखाली दोन रबरी होड्या वल्हवत निघाल्या. रूळाखाली खणताना एक गाडी धडधडत आली. सगळे झुडपांत आडवे झाले. ती गेल्यावर काम पुरे झाले. शेवटची जोडणी एकट्या हॅटफील्डने करायची, बाकीच्यांनी लांब राहायचे, असा हुकूम होता. पण सगळे त्याच्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहिले. होड्या अर्ध्या वाटेत असतानाच पुढची गाडी आली, आणि एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी इंजिन हवेत उडाले. आठही जण सुखरूप परतले. युद्धकाळात जपानच्या मूळ प्रदेशावर अमेरिकी सैनिकांनी केलेली ही एकमेव चढाई मानली जाते.

त्या गाडीत माणसे होती, ती मेली. कल्पकतेचे कौतुक करताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

युद्ध संपल्यावर जपानी कागदपत्रांशी ताळा घालून मोजणी झाली. फ्लकीच्या नावावर सोळाहून थोडी अधिक जहाजे आणि सुमारे ९५ हजार टन लागले. टनांच्या हिशेबात अमेरिकी पाणबुडी-कप्तानांमध्ये तो पहिला. नामक्वानच्या त्या रात्रीतले मात्र एकच जहाज बुडाल्याचे या मोजणीने मान्य केले. बाकीची नुकसानीतून वाचली असावीत. अमेरिकेने या युद्धात ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गमावली. फ्लकीच्या पाच गस्तींत बार्बवरचा एकही माणूस मेला नाही, की जखमींना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ घेण्याची कुणावर वेळ आली नाही. आपल्या साऱ्या पदकांपेक्षा त्याला याचाच अभिमान जास्त होता, आणि तो त्याने आयुष्यभर बोलून दाखवला.

फ्लकी पुढे रिअर अ‍ॅडमिरल झाला, पॅसिफिकच्या पाणबुडी दलाचा आणि नंतर नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाला. बार्ब १९५४ मध्ये इटलीला दिली गेली. तिथे ‘एन्रिको ताझोली’ या नावाने ती चालली आणि १९७२ मध्ये भंगारात निघाली. त्याच वर्षी तोही निवृत्त झाला. १९९२ मध्ये त्याने बार्बवरच्या दिवसांचे पुस्तक लिहिले. २००७ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. २०२० मध्ये अमेरिकी नौदलाने एका नव्या अणुपाणबुडीसाठी नाव निवडले, ते ‘बार्ब’.