‘ऐकणं’ कोणाचं? तलासरी-डहाणूच्या मिशनचा अभ्यास करताना आज्ञापालन आणि प्रेम

व्रतस्थ ख्रिस्ती समूहांवर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या आराखड्यात दोनपैकी एक वाक्य हमखास येतं. ‘हे फादर आणि सिस्टर प्रेमापोटी सेवा करतात’ हे एक. ‘इथे वरून आलेली आज्ञा निमूट पाळावी लागते’ हे दुसरं. पहिलं वाक्य बहुधा मिशनच्या शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याचं असतं, दुसरं बाहेरून बघणाऱ्याचं. दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींवर प्रबंध उभा राहत नाही. कारण खरा प्रश्न त्यांच्या मधोमध आहे: ज्याने आज्ञा पाळायचं व्रत घेतलंय, त्याच्या प्रेमाला मोकळं प्रेम म्हणायचं का? आणि म्हणायचं तर कशाच्या आधारावर?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरीत, येशूसंघाचं म्हणजे जेझुइट फादरांचं मिशन आहे. ज्ञानमाता सदन या नावाने ते ओळखलं जातं. शाळा, वसतिगृह, आसपासच्या पाड्यांवरचं काम असा त्याचा पसारा आहे. धर्मप्रांत म्हणून डहाणू आणि तलासरी वसईकडे येतात. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. तलासरी तालुक्यातली सुमारे ९० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, त्यात वारली सर्वांत जास्त. अशा ठिकाणी ‘आज्ञा’ हा शब्द वापरताना जरा जपूनच राहावं लागतं. का, ते पुढे येईलच.

आधी शब्द नीट बघू

चर्चच्या मराठीत या व्रताला ‘आज्ञापालन’ म्हणतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. पण ज्या लॅटिन शब्दावरून ही कल्पना आली, त्याच्या मुळाशी ‘ऐकणे’ हे क्रियापद आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असं तिला म्हणायचं नसतं. मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे कानावर घेणं आणि ‘ऐकणं’ म्हणजे सांगितल्याप्रमाणे करणंसुद्धा. ‘आज्ञापालन’ म्हटलं की यातला दुसरा अर्थ तेवढा उरतो, पहिला गळून पडतो.

संशोधनासाठी मी याचं साधं सूत्र करतो: समूहात कोण कोणाचं ऐकतं, दोन्ही अर्थांनी? खालचा वरच्याचं ऐकतोच, ते व्रतातच आहे. वरचा खालच्याचं ऐकतो का, कधी, कोणत्या मार्गाने? प्रेमाचा पुरावा शोधायचा तर तो इथे सापडण्याची शक्यता जास्त.

१५५३ चं पत्र

येशूसंघाला पोपची मान्यता १५४० मध्ये मिळाली. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी २६ मार्च १५५३ रोजी पोर्तुगालमधल्या सदस्यांना आज्ञापालनावर एक लांबलचक पत्र लिहिलं. या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागतं.

पत्रात आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या आहेत. एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका फादरांना प्रांतप्रमुख सांगतात, ‘पुढल्या जूनपासून तलासरीचं वसतिगृह सांभाळा.’ फादर सामान बांधून जातात, पण मनातून धुसफुसत राहतात. ही पहिली पायरी, कृतीची. इग्नेशियसच्या मते ही अगदीच खालची. ते स्वतःची इच्छा त्या कामाशी जुळवून घेतात, ही दुसरी. तिसरी सर्वांत अवघड: हा निर्णय बरोबर कसा असू शकतो, हे समजून घ्यायचा ते मनापासून प्रयत्न करतात. बुद्धीचंही आज्ञापालन. या तिसऱ्या पायरीवरूनच जेझुइटांवर ‘आंधळे आज्ञाधारक’ अशी टीका शतकानुशतकं होत आली आहे.

टीका करण्याआधी दोन गोष्टी नोंदवून ठेवा. पहिली, मर्यादा: जिथे उघड पाप आहे, तिथे आज्ञा बांधत नाही, हे संघाच्या घटनेतच आहे. दुसरी, मार्ग: वरिष्ठाचा निर्णय पटला नाही तर प्रार्थना करून, शांत मनाने आपलं म्हणणं त्याच्यापुढे मांडायची मुभा त्याच पत्रात दिली आहे. शिवाय येशूसंघात प्रत्येक सदस्य वरिष्ठासमोर आपलं अंतरंग मोकळं करतो. माझी ताकद काय, भीती काय, ओढ कशाकडे आहे, ते सांगतो. कामं नेमताना वरिष्ठाने हे लक्षात घ्यायचं असतं. म्हणजे आज्ञा येण्याआधी ऐकणं व्हायला हवं, अशी ही रचना. प्रत्यक्षात ते किती होतं हा तुमच्या अभ्यासाचा भाग.

पत्राचा संदर्भही महत्त्वाचा. पोर्तुगालचे पहिले प्रांतप्रमुख सिमाव रॉड्रिगेश फार लोकप्रिय होते. त्यांना पदावरून दूर केल्यावर प्रांतात मोठी खळबळ माजली. अनेकांची निष्ठा त्या माणसावर होती, पदावर नव्हे. म्हणून इग्नेशियस आग्रहाने सांगतो, की वरिष्ठ हुशार आहे, चांगला आहे, आवडतो म्हणून त्याचं ऐकू नका. तो ख्रिस्ताच्या जागी आहे म्हणून ऐका. वरवर पाहता इथे प्रेम बाजूला सारलंय असं वाटतं. खरं तर एका प्रकारच्या प्रेमाला, आवडत्या माणसाभोवती गट जमवणाऱ्या प्रेमाला, तो आवर घालतोय.

झेवियरच्या गळ्यातली पुडी

याच्या उलट बाजू पाहायची तर आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण आहे. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. रोमहून पत्र यायचं तर वर्ष-वर्ष लागायचं. १५४६ मध्ये अंबोइना बेटावरून सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या कापून घेतल्यात आणि माझ्या व्रताच्या मजकुरासोबत त्या कायम जवळ बाळगतो. मित्रांची नावं आणि व्रताचे शब्द, दोन्ही एकत्र. १५४९ मध्ये इग्नेशियसला लिहिताना, हे गुडघ्यावर बसून लिहितोय, असंही तो कळवतो. प्रेम कुठे संपलं आणि आज्ञापालन कुठे सुरू झालं, हे या माणसात वेगळं काढता येत नाही.

पण हाच झेवियर वरिष्ठ म्हणून कसा होता? गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजचे प्रमुख अंतोनियो गोमेश यांनी स्थानिक मुलांना बाहेर काढून पोर्तुगीज उमेदवारांना जागा केली. झेवियरने परत आल्यावर तो निर्णय फिरवला आणि १५५२ मध्ये गोमेश यांना संघातूनच काढून टाकलं. अधिकार इथे कमजोर बाजूच्या मुलांसाठी वापरला गेला. त्याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची विनंती केली होती, हेही विसरायचं नाही. दोन्ही कागद आपल्या टेबलावर हवेत. एकच ठेवला तर संशोधन राहत नाही, एक तर आरती होते नाही तर आरोपपत्र.

डिसेंबर १५५२ मध्ये झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. त्याला युरोपात परत बोलावणारं इग्नेशियसचं पत्र जून १५५३ चं. म्हणजे आज्ञा लिहिली गेली तेव्हा पाळणारा हयात नव्हता.

१९६५ नंतर काय बदललं

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये व्रतस्थ जीवनावर जो दस्तऐवज काढला, त्यात वरिष्ठांनी सदस्यांचं मोकळ्या मनाने ऐकावं, असं स्पष्ट सांगितलं. १९८३ च्या चर्च कायद्यातही ते आलं. त्याच कायद्याचा कलम ६३० म्हणतो, की सदस्याने आपलं अंतरंग उघड करावं म्हणून वरिष्ठाने कोणत्याही प्रकारे आग्रह धरू नये. येशूसंघाची जुनी पद्धत याला अपवाद म्हणून चालू आहे. त्यामुळे जेझुइटांबद्दल वाचलेलं सरसकट सिस्टरांच्या संस्थांना लावू नका. प्रत्येक संस्थेची घटना वेगळी मिळवून वाचा.

ताण पूर्वीसारखाच राहिला. १९७४-७५ च्या महासभेत येशूसंघाने श्रद्धेच्या सेवेसोबत न्यायासाठी झटणं हे आपल्या कामाचं अंग ठरवलं. तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे १९८१ मध्ये पक्षाघाताने आजारी पडले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेहमीची पद्धत थांबवून आपला प्रतिनिधी नेमला. अनेक जेझुइट दुखावले, तरी संघाने ते मानलं. १९८३ मध्ये नव्या प्रमुखाची रीतसर निवडणूक झाली. याला शरणागती म्हणायचं की विश्वास? उत्तर देण्याआधी त्या काळातली पत्रं वाचायची.

हुकूम आणि व्रत

आता तलासरीकडे परत येऊ. या भागात ‘सांगेल ते ऐकायचं’ याचा एक जुना आणि कडवट अर्थ आहे. जमीनदार-सावकाराची वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायचे, कित्येकदा जन्मभर. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात, जे आज तलासरी तालुक्यात आहे, वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचल्याशिवाय या भागात संशोधनाला जाऊच नये, असं माझं मत आहे. मिशनवर अभ्यास असला तरीही.

का? कारण हुकूम न मानणं हीच जिथे माणूसपणाची पहिली पायरी ठरली, तिथे आज्ञापालनाला सद्गुण म्हणणारा समूह काम करतो. हा विरोध दडपायचा नाही, आणि ताणायचाही नाही. फरक तीन ठिकाणी तपासा. एक, प्रवेश: लग्नगडी कर्जाने बांधला जायचा, व्रतस्थ माणूस नवदीक्षेनंतर स्वतःच्या तोंडाने व्रत घेतो. दोन, बाहेर पडण्याची वाट: व्रतातून मुक्त होण्याची रीतसर प्रक्रिया आहे; लग्नगड्याला पळून जाणं एवढंच उरायचं. तीन, फायदा कोणाचा: वेठीचा दाणा सावकाराच्या कोठारात जायचा, मिशनमधल्या आज्ञेचं फळ कोणाच्या पदरात पडतं, हे मात्र गृहीत धरू नका. ते शोधा.

आणि एक गोष्ट ठळक करून वहीत लिहा: व्रत फादर-सिस्टरांनी घेतलंय, वसतिगृहातल्या मुलांनी नाही. पहाटेची घंटा आणि अभ्यासाची वेळ ही शिस्त आहे. तिला ‘आज्ञापालनाची आध्यात्मिकता’ म्हटलं तर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. गावातल्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांवरही हे व्रत नाही.

मुलाखतीला जाण्याआधी

हे सगळं संमतीपत्राशी येऊन थांबतं. समजा तुम्ही वरिष्ठांना भेटलात. त्यांनी आनंदाने परवानगी दिली आणि एका सिस्टरना सांगितलं, ‘यांना काय हवं ते सांगा.’ आता त्या सिस्टर बोलतात ते स्वेच्छेने की व्रत म्हणून? वरिष्ठांची परवानगी म्हणजे दारातून आत येण्याची मुभा. सदस्याची संमती वेगळी, आणि ती एकांतातच घ्यावी लागते. ‘तुम्ही नाही म्हणालात तर ते मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य स्पष्ट उच्चारा. बोलायचं नसेल त्यांच्यासाठी सोपी वाट ठेवा, म्हणजे भेटीची वेळ त्यांनीच कळवायची, नाही कळवली तर पुन्हा विचारायचं नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी आणि मुलाचा होकारही हवा. वसतिगृहप्रमुखांची सही पालकांच्या सहीच्या जागी चालत नाही. लहान समूहात नाव बदलून भागत नाही, पद आणि बदलीचं वर्षही ओळख पटवतं. तेही झाका.

प्रश्न विचारताना ‘तुम्ही आज्ञा पाळता का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी शेवटच्या बदलीबद्दल विचारा. ती कशी कळली, आधी कोणी काही विचारलं होतं का, काय सांगितलं, त्यातलं काय मानलं गेलं. नव्या जागी पहिले सहा महिने कसे गेले. आणि हेच प्रश्न वरिष्ठांनाही विचारा: एखाद्याचं म्हणणं ऐकून निर्णय बदलला, असं कधी झालं? दोन्हीकडची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली की त्या समूहात ‘ऐकणं’ किती बाजूंनी होतं ते दिसायला लागतं. ‘प्रेम’ हा शब्द प्रबंधात त्यानंतर लिहा.